डाग काढू नको

"डाग काढू नको," वैरागडेकाकू म्हणाल्या.

मी मान वर केली. त्या माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. मिल चालू असताना जमिनीतून एक बारीक थरथर सतत येत असायची. ती थांबल्यापासून क्लबच्या वाचनालयात भर दुपारीसुद्धा कुणाच्या पावलांची चाहूल लागत नसे. माणसं एकदम शेजारी दिसायची.

स्क्रीनवर एका पुस्तकाचं पान होतं. मूळ कागद पिवळा, कडांना तपकिरी झालेला. सॉफ्टवेअरने तो पांढराशुभ्र करून टाकला होता.

"काकू, हे आपोआप होतं," मी म्हणाले. "कागदाचा पिवळेपणा जातो, अक्षर स्वच्छ दिसतं. फाइलही लहान होते."

"पिवळेपणा जाऊ दे. इथे खाली एक ठसा होता. या कोपऱ्यात. तो कुठे गेला?"

बोलताना त्यांनी बोट काचेला लावलं नाही, जरा दूरच धरलं. मी टेबलावरचं पुस्तक उघडलं. समुद्री चाच्यांची गोष्ट होती, मुलांसाठीची. पान लगेच सापडलं, कारण तिथे कागदाच्या कातरणीची एक अरुंद पट्टी खुणेसाठी घातलेली होती. पान उलटताना बोट लागतं त्या कोपऱ्यात एक जांभळट ठसा होता, साधारण चिंचोक्याएवढा.

"हा प्रफुल्लचा," काकू म्हणाल्या. "हा गेला तर पुस्तकाचं मला काय करायचं?"

आमची मिल कागदाची होती, बांबूपासून कागद करणारी, वैनगंगेच्या काठची. ती बंद पडली होती आणि महिनाअखेर कॉलनी रिकामी करायची होती. क्लबचं वाचनालय इतर वाचनालयांसारखं नव्हतं. आमचा कागद वापरणारे प्रकाशक नव्या पुस्तकांच्या एक-दोन प्रती दर वर्षी मिलला भेट पाठवत आणि त्या क्लबात येत. कपाटातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक आमच्याच कागदावर छापलेलं होतं. नवं पुस्तक हातात आलं की कॉलनीतली माणसं आधी नाव वाचत नसत. पान उजेडाकडे धरत, दोन बोटांत हलवून त्याचा आवाज ऐकत, "दोन नंबर मशीनचा दिसतो" असं काहीतरी म्हणत आणि मग वाचायला घेत. मुलंही तसंच करत.

आता सगळी मालमत्ता मिल विकून देणी भागवायला नेमलेल्या लिक्विडेटरच्या ताब्यात होती. पुस्तकं रद्दीच्या ट्रकमध्ये जाणार होती, आणि एकही प्रत बाहेर नेऊ द्यायची नाही म्हणून त्यांचा एक माणूस दारात खुर्ची टाकून बसलेला असे. स्कॅन करायला मात्र त्याची हरकत नव्हती. पांगलेल्या सभासदांना निदान ई-बुकं मिळावीत, प्रत्येकाला सीडीवर घालून द्यावीत, ही कल्पना क्लबचे सेक्रेटरी चिंचोळकर यांची. मी मिलच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, एकटी होते आणि कॉम्प्युटर हाताळता येत होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. नवी पुस्तकं कण्याकडून कापून सुटी पानं स्कॅनरमध्ये सोडायची. जुनी, ज्यांचं पान नुसतं दुमडलं तरी मोडतं, ती कॅमेऱ्याखाली ठेवून हाताने उलटायची.

"का बाप्पा, काय झालं?" चहाचा थर्मास घेऊन चिंचोळकर आत आले. काकूंना पाहून त्यांचा आवाज खाली आला.

"काकूंना काही पानं रंगीत हवी आहेत," मी म्हणाले.

"रंगीत? मॅडम, रंगीत केलं तर एका सीडीत चार पुस्तकं मावतील. लोक म्हणतील, चिंचोळकरने वाचनालय दिलं की लग्नाचा अल्बम दिला?"

"सगळं नको," काकू म्हणाल्या. "जिथे पट्टी घातली आहे तेवढीच पानं. मी इतकी वर्षं एकेक शोधून ठेवली आहेत."

"काकू, घरी त्याचे फोटो आहेत ना?" चिंचोळकर हळूच म्हणाले.

"आहेत. फोटोत तो फोटोवाल्याकडे पाहतो. इथे तो वाचतो आहे."

चिंचोळकरांनी थर्मासचं झाकण फिरवलं, चहा ओतला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "करा मॅडम रंगीत. मी आणखी सीड्या आणतो."

काकू गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी मला ते आधी माहीत होतं, पण मी मिलमध्ये आले ती त्यानंतर. प्रफुल्ल वैरागडे अकरा वर्षांचा होता. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, पंपहाऊसमागच्या जांभळावर चढला. जांभळाचं लाकूड ठिसूळ. फांदी मोडली. खाली नदीचे दगड होते.

"क्लबात पडलेला असायचा दिवसभर," चिंचोळकर म्हणाले. "एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात जांभळं. मी किती ओरडलो असेन त्याला, पुस्तकं खराब करतो म्हणून! आता काकू तेच डाग शोधत बसतात. दर जूनमध्ये येतात. दर जूनमध्ये एखादा सापडतो."

"अजूनही?"

"अजूनही. मागच्या वर्षीही सापडला. पुस्तकं काय कमी आहेत?"

काकूंचे यजमान मनोहर वैरागडे मशीनवर फोरमन होते. तीन नंबर मशीनवर आम्ही बरोबर काम केलं होतं. मशीनच्या आवाजात ते कुणाशी ओरडून बोलत नसत, खुणेने सांगत. रिटायर झाल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नव्हती. कॉलनीत लोक त्यांना मागून "मुके फोरमन" म्हणत.

मी पट्ट्या घातलेली सगळी पुस्तकं बाजूला काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानं रंगीत घेतली. मोठ्या स्क्रीनवर सगळी एकदम लावून पाहताना माझ्या लक्षात आलं की ठसे दोन रंगांचे आहेत. काही तांबूस जांभळे. काही निळे, पाटीवर ओलं बोट फिरवल्यावर जो रंग उरतो तसे राखी निळे.

तांबूस ठसे पिवळ्या पानांवर होते. निळे पांढऱ्या पानांवर.

त्या दिवशी बाजारात जांभळं आली होती. मी पानाच्या द्रोणातून थोडी घेऊन आले. एक जांभूळ चुरडून त्यात बुडवलेलं बोट पिवळ्या कागदाच्या कोऱ्या तुकड्यावर टेकवलं, मग पांढऱ्यावर. पिवळ्यावर ते तसंच जांभळं वाळलं. पांढऱ्यावर माझ्या डोळ्यांदेखत कडेपासून हळूहळू निळं पडू लागलं. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांच्या पाण्यात लिंबू आणि मग सोडा टाकून रंग बदलायचा प्रयोग करतात, त्यातलाच प्रकार.

मला खरं तर प्रयोगाची गरज नव्हती. आमचा जुना कागद तुरटी आणि राळ घालून व्हायचा. त्यात आम्ल राहतं, म्हणून तो पिवळा पडतो, मोडतो. तीन नंबर मशीन आलं तेव्हा आम्ही तुरटी सोडून खडूच्या भुकटीवर गेलो. खडू आम्ल मारतो, म्हणून तो कागद पांढरा राहिला. तो बदल करायलाच मला पुण्याहून बोलावलं होतं, ती माझी पहिली नोकरी. आणि मी आले तेव्हा प्रफुल्ल जाऊन चार वर्षं होऊन गेली होती.

निळा एकही ठसा त्याचा असू शकत नव्हता.

मी द्रोण खिडकीबाहेर रिकामा केला आणि हात धुतले. बोटांचा रंग लगेच गेला नाही. दुपारभर की-बोर्डवर मला माझीच बोटं दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत दारातला माणूस डबा खायला गेला होता. मी कपाटांच्या मागे, पुस्तकं कापायच्या मशीनपाशी खाली बसून कातरण गोळा करत होते. कुणीतरी आत आलं. कपाटाच्या फटीतून मला पांढरा सदरा दिसला. वैरागडेकाका.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. अजून स्कॅन न झालेल्या गठ्ठ्यातून एक पुस्तक घेतलं, पान उजेडाकडे धरलं. मग खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. त्यात तीन-चार जांभळं होती, बारीक, रानातली. एक त्यांनी चुरडलं, करंगळी त्यात फिरवली, रुमालाला टिपली आणि पानाच्या कोपऱ्यावर टेकवली. सगळं इतक्या सवयीने केलं की मला आवाज करायचंही सुचलं नाही. मग ते पानावर फुंकर घालू लागले.

माझ्या हातातली कातरण खाली पडली.

त्यांनी पुस्तक मिटलं नाही. ठसा ओला होता, मिटलं असतं तर समोरच्या पानावर उमटला असता. ते तसेच उघडं पुस्तक धरून उभे राहिले.

"तुम्ही आहात होय," ते म्हणाले.

"हो."

"तुम्हाला माहीतच झालं असेल. रंगीत काढून राहिले म्हणे तुम्ही."

"निळे ठसे पाहिले," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "पहिल्या वर्षी निळा पडला तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, आता हिला समजणार. आपलाच कागद, आपणच केला, आणि एवढंही डोक्यात आलं नाही. पण ती रंग पाहत नाही. ती ठसा पाहते."

"कधीपासून, काका?"

ते खुर्चीवर बसले. इतकं सलग बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं.

"सुरुवातीला खरेच होते. चार वर्षं सापडत गेले. मग संपले. पोरगं शेवटी किती वाचणार? पाचव्या जूनमध्ये ती रोज यायची, रोज रिकाम्या हाताने घरी जायची. जेवण बंद केलं. म्हणाली, आता तो कुठेच उरला नाही. त्याच्या पाठची मुलगी होती आम्हाला, लहान, तिचीही वेणी घालेना. मग..." त्यांनी रुमालाची घडी घातली. "जुनी पुस्तकं सगळी तिची तपासून झाली होती. नवीच उरली होती."

"आणि त्यांना सापडला."

"सापडला. त्या दिवशी तिने भात शिजायला टाकला."

बाहेर दारातल्या माणसाच्या डब्याचा आवाज झाला. काका थोडं पुढे वाकले.

"मॅडम, हा शेवटचा आहे. हे पुस्तक रंगीत घ्या. आणि एक दाखवायचं आहे तुम्हाला. पट्टी घातलेल्यांतलंच, पक्ष्यांचं पुस्तक. कुठे ठेवलं?"

मी ते काढून दिलं. पांढरा कागद, तीन नंबर मशीनचा. त्यांनी पट्टीवरून पान उघडलं. कोपऱ्यात निळा ठसा होता, इतरांपेक्षा लहान आणि जरा तिरका.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

मी पानावर वाकले.

"हा मी लावलेला नाही. मी रिटायर झालो त्या वर्षी सहज पुस्तक चाळताना मला दिसला. हा कागद कुठल्या साली निघाला मला माहीत आहे. रीळ मी स्वतः उतरवलं आहे. पोरगं तेव्हा नव्हतं. हे सगळं मला कळतं." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही सायन्सवाल्या. सांगा मग."

कॉलनीत जांभळं खाणारी पोरं कितीतरी होती. त्यांतल्याच कुणाचाही असेल. हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी नजर माझ्यावरून हलवली नाही आणि ती पापणीही न लवणारी नजर पाहून मला वाटलं, त्यांनी हे वाक्य स्वतःला अनेकदा ऐकवलेलं आहे.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले.

"नाही ना?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "ते कापू नका. बाकीची कापा. ते तसंच घ्या."

"काका, हे एक घेऊन जा ना घरी. दारातल्या माणसाशी मी बोलते."

"छे. उभ्या आयुष्यात मिलची टाचणी घरी नेली नाही." ते उठले, ओला ठसा वाळला की नाही ते पाहिलं आणि पुस्तक गठ्ठ्यात परत ठेवलं, वरून तिसरं. मग पुन्हा येऊन ते दुसऱ्या क्रमांकावर आणलं.

"ती वरची पुस्तकं आधी पाहते," ते म्हणाले.

संध्याकाळी काकू आल्या आणि त्यांना तो सापडला. मला त्यांनी हाक मारून दाखवला. मी पाहिला. ठसा अजून पुरता निळा पडला नव्हता.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी मी काकूंना बोलावलं. सगळी रंगीत पानं ओळीने लावून ठेवली होती. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची जवळ ओढली. मी एकेक पान पुढे सरकवत गेले. चाच्यांची गोष्ट. जादूचे प्रयोग. आगगाडी कशी चालते. प्रत्येक ठशाशी त्या काही ना काही सांगत. हे पुस्तक त्याला अर्धंच आवडलं होतं. हे वाचून त्याने न्हाणीघरात पाणबुडी करून पाहिली होती.

मग पांढरी पानं सुरू झाली आणि काकूंचं बोलणं थांबलं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. दोन-तीन पानं गेली.

"सुनेत्रा, हे निळे काहून आहेत?"

मी हात माउसवरून काढून घेतला. कुठलं उत्तर खोटं होणार नाही आणि कुठल्याने काही मोडणार नाही, याचा मी विचार केला.

"कागदावर असतं ते," मी म्हणाले. "कागद बदलला की तोच रंग वेगळा दिसतो."

"कागद कधी बदलला?"

मी पुढच्या पानाची फाइल शोधू लागले.

"बोल ना. मी फोरमनची बायको आहे गं. तीन नंबरचं पहिलं रीळ उतरलं तेव्हा आम्ही सगळ्या बायका ओवाळायला गेलो होतो. साहेबांच्या बायकोने हळद लावली, मी कुंकू लावलं. प्रफुल्ल असता तर त्या वर्षी दहावीला असता, एवढंच माझ्या डोक्यात होतं." त्यांनी चष्मा काढला. "मला माहीत आहे, सुनेत्रा. तुझ्या लॅबमध्ये यायची गरज नव्हती मला."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्याच वर्षी. यांच्या सदऱ्याच्या खिशाला डाग होता. मी धुतला. दोन दिवसांनी मला ठसा सापडला. एवढी का मी खुळी?"

"मग इतकी वर्षं..."

काकू पंख्याकडे पाहत होत्या.

"प्रफुल्ल गेला तेव्हा ते रडले नाहीत. तिसऱ्या दिवशी शिफ्टला गेले. मशीन थांबत नाही म्हणाले. पंपहाऊसकडे जायचं असलं तर गेटवरून वळसा घालून जायचे, पण त्या झाडाच्या रस्त्याने नाही. त्याचं नाव घेत नव्हते. मला वाटायचं, या माणसाच्या आत काही आहे की नाही? आणि तो डाग पाहिला होता, म्हणून दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या मागे गेले. बाजारात टोपल्याच्या टोपल्या जांभळं होती. पण ते बाजारात गेले नाहीत. त्या झाडाखाली गेले. जांभळं वेचली, रुमालात बांधली. मग झाडाला हात लावून उभे राहिले. मी लांबून पाहत होते. उन्हं उतरेपर्यंत उभे होते."

दारातला माणूस आत डोकावून गेला.

"वर्षातून एकदा जात होते ते. मला सापडायचं थांबलं असतं, तर तेवढं तरी गेले असते का?" काकूंनी चष्मा पुन्हा लावला. "चल, पुढचं दाखव."

मी दाखवत गेले. आता त्या फक्त मान हलवत होत्या. पक्ष्यांच्या पुस्तकाचं पान आलं तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं. तेव्हा मला त्यांची करंगळी दिसली, वरच्या पेराशी बाहेर वळलेली. लहानपणी दारात चिमटलेल्या बोटासारखी.

"यांनी तुला हे दाखवलं का?"

"हो."

"काय म्हणाले?"

"हा त्यांचा नाही म्हणाले."

"नाहीच," काकू म्हणाल्या. "हा माझा."

स्कॅनरचा दिवा उघडझाप करत होता. मी तो बंद केला.

"रिटायर झाले त्या वर्षी सकाळपासून भिंतीकडे पाहत बसायचे. मशीनचा आवाज नाही, शिफ्ट नाही. म्हटलं, दर वर्षी मला सापडतो, एक त्यांना सापडू दे. क्लबातून वाचायला आणलेलं पक्ष्यांचं पुस्तक ते चाळतात हे माहीत होतं मला. रुमालात उरलेली जांभळं घेतली." त्यांनी पदराने तोंड टिपलं. "सापडला तेव्हा पुस्तक घेऊन धावत माझ्याकडे आले. म्हणाले, दमयंती, पाहा. मी म्हटलं, हो, त्याचाच आहे. आणि तेव्हा रडले, सुनेत्रा. ओट्याला धरून रडले."

मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आता हे तुझ्याजवळ राहू दे."

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कापलेली पानं पोत्यांतून गेली, जुनी पुस्तकं गठ्ठ्यांतून. चिंचोळकर प्रत्येक गठ्ठ्याला उगाच हात लावत उभे होते आणि हमालांना "सांभाळून रे बाप्पा" म्हणत होते, रद्दीला काय सांभाळायचं ते त्यांनाच ठाऊक. पक्ष्यांचं पुस्तक न कापलेलं होतं. ते कुठल्या गठ्ठ्यात गेलं मी पाहिलं नाही. वैरागडे पती-पत्नी नागपूरला मुलीकडे गेले, सोबत सीड्यांचं एक खोकं. मी पुण्याला परतले.

काकू गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलीने कळवलं तेव्हा मला जाता आलं नाही. त्यानंतरच्या जूनमध्ये नागपूरला एका कामासाठी गेले होते, म्हणून काकांना भेटायला गेले. पाचव्या मजल्यावर फ्लॅट होता. गॅलरीत तुळस आणि वाळत घातलेले सदरे.

काका फार खंगले होते, पण बोलत होते, पूर्वीपेक्षा जास्तच. मुलीने त्यांना टॅबलेट आणून दिला होता आणि सीडीवरचं सगळं वाचनालय त्यात घालून दिलं होतं. चहा येईपर्यंत त्यांनी तो मांडीवर घेतला.

"ही रात्रंदिवस याच्यात असायची," ते म्हणाले. "शेवटी शेवटी दिसत नव्हतं तरी मला वाचायला लावायची. जुनी जांभळी पानं आली असं सांगितलं की थांब म्हणायची. निळी आली तरी थांब म्हणायची. मी थांबायचो."

त्यांनी पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही. दोन बोटांनी कोपरा मोठा केला, आणखी मोठा, इतका की स्क्रीनभर फक्त तो निळा ठसा राहिला, बारीक रेघांचा, एका बाजूला झुकलेला.

"रेघा पाहा," ते म्हणाले. "तुम्ही चांगल्या काढल्या होत्या."

"हो."

"आणि हे पाहा, बोट असं बाहेर वळलेलं आहे. पेराशी. दिसतं ना? ही गेल्यावर एकदा पाहत होतो तेव्हा ध्यानात आलं. अगदी हिच्या करंगळीसारखं आहे." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तीच पापणी न लवणारी नजर होती. "पोरगं आईवर गेलं होतं. नाही का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "आईवर गेलं होतं."

त्यांनी मान हलवली, टॅबलेट जवळ घेतला आणि त्या ठशावर आपलं बोट अलगद ठेवलं. काचेने स्पर्श ओळखला आणि पान उलटलं गेलं. पुढच्या पानावर एक किंगफिशर होता, फांदीवर बसलेला.

काकांनी घाईघाईने पान मागे आणलं. या वेळी बोट काचेपासून थोडं दूर धरलं.